मुख्य अर्थतज्ज्ञ (बँक)

मुख्य अर्थतज्ज्ञ : व्याजदर, महागाई, आर्थिक वाढ, रुपयाचा भाव आणि बँकिंग व्यवस्थेतील रोखता यांचे पूर्वानुमान करणाऱ्या बँकेतील विभागाचा प्रमुख. भारतात हे पद बहुतांशी मुंबईत आढळते, कारण रिझर्व्ह बँक, अनेक मोठ्या बँकांची मुख्यालये आणि सरकारी रोख्यांचा बाजार इथेच आहे. लोकांना तो अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर दिसतो. पण त्याचे खरे गिऱ्हाईक बँकेच्या आत असते. रोख्यांची खरेदी-विक्री करणारी ट्रेझरी, ठेवी आणि कर्जांचे दर ठरवणारी ‘ॲल्को’ समिती, ताणचाचणी घेणारा जोखीम विभाग आणि पुढच्या वर्षाचे कर्जवाटपाचे लक्ष्य ठरवणारे वरिष्ठ, हे सगळे त्याच्याच आकड्यांवरून सुरुवात करतात.

अंदाज चुकल्यास काय होते, हे साध्या गुणाकाराने कळते. एखाद्या बँकेकडे बाजारभावाने मोजले जाणारे १०,००० कोटी रुपयांचे रोखे आहेत आणि त्यांचा सुधारित कालावधी (परतावा एक टक्का हलला तर किंमत उलट दिशेने किती टक्के हलते, याचे माप) ५ आहे असे धरले, तर परतावा पाव टक्का चढताच त्यांची किंमत सुमारे १२५ कोटींनी उतरते. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकात नसलेली बैठक घेऊन रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) ४ वरून ४.४० टक्क्यांवर आणि रोख राखीव प्रमाण (ठेवींपैकी बँकांनी तिच्याकडे ठेवायचा हिस्सा) ४ वरून ४.५० टक्क्यांवर नेले. त्या एका दिवसात १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा साधारण पाव टक्क्यानेच वर गेला. दरवाढ येणार हे बहुतेकांनी लिहून ठेवले होते. ती त्या दिवशी दुपारी येईल, असे मात्र कुणाच्या तक्त्यात नव्हते. मुदतपूर्तीपर्यंत धरून ठेवायच्या वर्गातल्या रोख्यांवर हा तोटा हिशेबात दिसत नाही. म्हणून कोणते रोखे कोणत्या वर्गात ठेवायचे, या निर्णयातही अर्थतज्ज्ञाचे मत विचारले जाते.

पूर्वपीठिका

बँकेच्या अर्थतज्ज्ञाला बाजार हलवणारी व्यक्ती म्हणून ओळख मिळाली ती अमेरिकेत, १९७० च्या दशकातल्या महागाईत. तिथले ठळक नाव हेन्री कॉफमन. १९२७ मध्ये जर्मनीत जन्म, नाझी राजवटीमुळे १९३७ मध्ये कुटुंबासह देशत्याग, पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट, काही वर्षे न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेत नोकरी आणि १९६२ पासून १९८८ पर्यंत सॉलोमन ब्रदर्स, असा त्यांचा प्रवास. सॉलोमन ही रोखेबाजारातली बलाढ्य गुंतवणूक बँक होती, आणि कॉफमन यांच्या कामाचा गाभा होता पैशाच्या मागणी-पुरवठ्याचा ताळेबंद. येत्या वर्षी सरकार, कंपन्या आणि घरे घेणारी कुटुंबे किती उसने घेतील, तेवढा पैसा बँका, विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी आणि परदेशी गुंतवणूकदार कुठून आणतील, आणि दोन्ही बाजू जुळायला व्याजदर किती हलावे लागतील, हे ते ओळीओळीने मांडत. ही पद्धत आजही कामाची आहे. आपल्याकडे अर्थसंकल्पातला केंद्राच्या कर्जउभारणीचा आकडा आला, की राज्यांची कर्जे, बँकांच्या ठेवींची वाढ आणि विमा कंपन्यांची खरेदी शेजारी ठेवून मुंबईतले अर्थतज्ज्ञ हाच हिशेब करतात.

व्याजदर चढतील असे वर्षानुवर्षे सांगितल्यामुळे कॉफमन यांना ‘डॉक्टर डूम’ हे नाव पडले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांनी मत फिरवले : दर आता उतरतील. त्या दिवशी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८.८१ अंकांनी उसळला. अंकांच्या हिशेबात तोवरची ती सर्वांत मोठी एकदिवसीय वाढ होती. नेहमी आशावादी असणाऱ्याने हेच लिहिले असते तर कुणी मान वर करून पाहिले नसते. वजन आले ते आधीच्या मताची कारणे उघडपणे मांडलेली होती आणि ती कारणे आता संपली, हे वाचणाऱ्याला पटले म्हणून. मत बदलायला उशीर करणारा अर्थतज्ज्ञ आणि दर महिन्याला मत बदलणारा अर्थतज्ज्ञ, दोघेही डीलिंग रूममध्ये फार काळ गंभीरपणे घेतले जात नाहीत.

महागाईचा अंदाज

मासिक कामातला सर्वांत किचकट भाग म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो; विभागाचा अंदाज त्याआधी आठवडाभर तयार असावा लागतो. २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार (शंभरपैकी वाटा) ४५.८६, इंधन व दिवाबत्तीचा ६.८४, म्हणजे उरलेली ‘कोअर’ टोपली सुमारे ४७.३. तिन्हींचे अंदाज वेगवेगळ्या रीतीने बांधतात.

खाद्यपदार्थांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे किरकोळ भाव घेतात (ऑगस्ट २०२४ पासून २२ ऐवजी ३८ वस्तूंचे) आणि जोडीला बाजार समित्यांतली आवक. कांद्यासाठी लासलगाव पाहतात, कारण तिथला घाऊक भाव किरकोळ बाजारात उतरायला थोडे दिवस लागतात आणि तेवढी आगाऊ सूचना मिळते. रोजच्या भावांची महिन्याची सरासरी काढून आधीच्या महिन्याशी टक्केवारी काढायची आणि भाराने गुणायची. नवशिके इथे महिनाअखेरचा भाव घेतात आणि फसतात. सांख्यिकी कार्यालयाचे लोक ठरलेल्या बाजारांत महिनाभर विभागून भाव टिपतात, त्यामुळे २५ तारखेला उसळलेला टोमॅटो त्या महिन्याच्या निर्देशांकात थोडाच उतरतो. बाकीचा पुढच्या महिन्यात.

टोमॅटोचेच उदाहरण घ्यावे. त्या मालिकेत त्याचा भार अवघा ०.५७, कांद्याचा ०.६४, बटाट्याचा ०.९८. भाव एका महिन्यात तिप्पट झाला, म्हणजे २०० टक्के वाढला, तर ०.५७ गुणिले २ असे सुमारे १.१ टक्का बिंदू एकट्या टोमॅटोने एकूण महागाईत पडतात. हे जुलै २०२३ मध्ये जवळपास घडले. जूनची महागाई पाच टक्क्यांच्या खाली होती, जुलैची ७.४४ टक्के निघाली, भाज्यांची ३७.३४ टक्के. बहुतेक अंदाज साडेसहाच्या आसपास होते. दिशा सगळ्यांना कळली होती, चूक झाली ती मापात. दीर्घकालीन सरासरीवर बसवलेले समीकरण अशी उडी ‘अपवाद’ म्हणून दाबून टाकते. म्हणून भाज्यांचा अंदाज समीकरणावर न सोडता हाताने घालायची पद्धत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वर्षभराने हीच उडी उलटी लागली. जुलै २०२४ ची महागाई ३.५४ टक्के आली. भाव महिन्यागणिक वाढतच होते, पण तुलना चढ्या जुलैशी होती. हा ‘बेस इफेक्ट’ आधीच मोजता येतो, कारण गेल्या वर्षीचा निर्देशांक हातात असतो. तो तक्त्यात न दाखवता ‘महागाई आटोक्यात’ असे शीर्षक देणारे टिपण परत पाठवावे.

कोअर भाग संथ असतो, तरी त्यात एक खोड आहे. त्या मालिकेत सोन्याचा भार १.०८ होता आणि ते कोअरमध्येच मोजले जाते. सोने वर्षात ४० टक्के चढले, की मागणी थंड असतानाही कोअर महागाई सुमारे ०.९ टक्का बिंदूंनी फुगलेली दिसते. म्हणून सोने-चांदी वगळून वेगळा आकडा काढतात. मालिकेचे आधारवर्ष बदलले की भार बदलतात आणि जुनी सगळी समीकरणे नव्याने बसवावी लागतात. त्या पहिल्या काही महिन्यांत अंदाजाची पट्टी रुंद ठेवणे हाच शहाणपणा.

रोखतेचे पंचांग

ट्रेझरीला रोज लागणारा अंदाज महागाईचा नसून रोखतेचा असतो : उद्या, परवा, पंधरवड्याच्या शेवटी बँकांकडे एकूण पैसा किती उरेल? इथे अर्थशास्त्रापेक्षा तारखा पाठ असाव्या लागतात. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि १५ मार्चला. वर्षाच्या कराच्या अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्क्यांपर्यंत. त्यातही सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्ते मोठे, प्रत्येकी ३० टक्के. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटी. हा पैसा बँकांतून निघून रिझर्व्ह बँकेतल्या सरकारी खात्यात जातो आणि महिनाअखेरीस पगार-निवृत्तिवेतनाच्या रूपाने परत येऊ लागतो. दिवाळीत आणि निवडणुकांत लोक नोटा काढतात, तीही गळतीच. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले, तर तेवढे रुपये आटतात. २०२५ मध्ये रोख राखीव प्रमाण ४ वरून ३ टक्क्यांवर चार टप्प्यांत आणले गेले तेव्हा सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होणार होते. ते कोणत्या पंधरवड्यात, यावरून अल्पमुदतीच्या ठेव प्रमाणपत्रांचे दर ठरत होते.

जीडीपीचा अंदाज जीएसटी वसुली, ई-वे बिले, डिझेलचा खप, सिमेंट, वाहनविक्री, बँककर्जाची वाढ अशा पंचवीस-तीस मासिक मालिकांवरून बांधतात. उत्पादनाच्या बाजूने तो बऱ्यापैकी जमतो. पण ऑक्टोबर-डिसेंबर २०२३ च्या तिमाहीत मूल्यवर्धनाची (देशात तयार झालेल्या वस्तू-सेवांचे मूल्य, अप्रत्यक्ष कर व अनुदाने न धरता) वाढ ६.५ टक्के, म्हणजे अंदाजाजवळ, आणि जीडीपीची ८.४ टक्के आली. मधली तफावत अप्रत्यक्ष कर वजा अनुदाने या रकमेची होती. अनुदाने घटल्याने ती फुगली. तेव्हापासून केंद्राच्या मासिक हिशेबातली अनुदानाची ओळ कुणी वगळत नाही.

कुठे घसरते

सर्वांत चिवट दोष सांख्यिकी नाही. इतरांसोबत चुकलेल्याला कुणी जाब विचारत नाही. एकट्याने चुकलेल्याला विचारतात. त्यामुळे माध्यमांच्या सर्वेक्षणांत अंदाज एकमेकांना चिकटून बसतात. ७ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीनंतर महिन्याभरात, बहुतेकांनी दरकपात धरली होती; रेपो दर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने ६.२५ टक्के दर तसाच ठेवला. ६ जून २०२५ रोजी बहुसंख्यांनी पाव टक्का कपात धरली, ती अर्धा टक्का झाली. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने मात्र अर्धा टक्काच लिहिला होता. अशा वेळी अंदाजाइतकीच त्यामागची कारणे तपासावीत, कारण चुकीच्या कारणाने बरोबर आलेला आकडा पुढच्या वेळी दगा देतो.

दुसरा दोष घरचा. ट्रेझरीने आधीच लांब मुदतीचे रोखे भरून घेतले असतील तर ‘दर उतरतील’ हे मत सर्वांना गोड लागते. म्हणून अर्थतज्ज्ञाने ट्रेझरीच्या प्रमुखाला बांधील असू नये आणि टिपण प्रसिद्ध होण्याआधी डीलरच्या हाती पडू नये, अशी रचना चांगल्या बँका करतात. चुकांची वही ठेवणे हाही उपाय : प्रत्येक अंदाज, प्रत्यक्ष आकडा, फरक आणि ‘मागच्या महिन्याचाच आकडा पुन्हा येईल’ असे म्हटले असते तर किती फरक पडला असता. या शेवटच्या रकान्यासमोर वर्षभर टिकू न शकणारे प्रारूप कितीही देखणे असले तरी मोडीत काढावे.

वाटचाल

अर्थशास्त्र किंवा सांख्यिकीची पदव्युत्तर पदवी ही किमान अट. वरच्या पदासाठी डॉक्टरेट उपयोगी, पण अनिवार्य नाही. मुंबई विद्यापीठ, पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था येथून अनेक जण या क्षेत्रात येतात. पहिली काही वर्षे तक्ते सांभाळण्यात जातात : मालिका उतरवणे, सुधारित आकडे बदलणे, सणांच्या सरकत्या तारखांचा परिणाम काढून टाकणे. मग एखादा विषय स्वतंत्रपणे मिळतो, पुढे स्वतःच्या नावाने टिपण. वरच्या टप्प्यावर कस लागतो तो लिहिण्या-बोलण्याचा; ॲल्कोसमोर दहा मिनिटांत आधारभूत अंदाज, दोन पर्यायी शक्यता आणि कोणता आकडा आला तर मत बदलू, एवढे सांगता आले पाहिजे.

बँका बदलणे, तिथून उद्योगसमूहात किंवा अध्यापनात जाणे नेहमीचे. रूपा रेगे नित्सुरे बँक ऑफ बडोदातून एल अँड टी फायनान्समध्ये गेल्या. अजित रानडे एबीएन ॲम्रो बँक आणि आदित्य बिर्ला समूहानंतर गोखले संस्थेचे कुलगुरू झाले. ॲक्सिस बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ राहिलेले सौगत भट्टाचार्य ऑक्टोबर २०२४ मध्ये पतधोरण समितीचे बाह्य सदस्य झाले. समितीच्या सदस्यांना बैठकीच्या आधी आणि नंतर सात-सात दिवस धोरणाविषयी बोलता येत नाही.