पांढरे डाग, गालावरच्या पुळ्या आणि किडनीतल्या गाठी

लहान मुलाच्या अंगावर फिकट पांढरा डाग दिसला की घरात निदान तयारच असतं: "पोटात जंत झाले असतील." कुणी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवतं, कुणाला कोडाची धास्ती वाटते. असा एखादा डाग पुष्कळ निरोगी मुलांनाही असतो. पण जन्मापासूनचे तीन किंवा त्याहून जास्त डाग असतील, प्रत्येक किमान ५ मिलिमीटरचा असेल आणि त्यात बाळाला फिट येत असतील, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची शंका यायलाच हवी. साधारण ६,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. फार गोऱ्या बाळाचे डाग नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प धरतात, तेव्हा त्या जांभळट प्रकाशात ते उठून दिसतात.

१८८० साली पॅरिसमध्ये बूर्नव्हील या डॉक्टरांनी अशाच एका मुलीची हकीकत नोंदवली. तिला वारंवार आकडी येई, नाकावर आणि गालांवर बारीक पुळ्यांची गर्दी होती. मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा मेंदूत टणक गाठी निघाल्या, मूत्रपिंडांतही निघाल्या. मूत्रपिंडांतल्या गाठी त्यांना योगायोग वाटल्या. चेहरा, मेंदू आणि किडनी यांना जोडणारा धागा जनुकांत सापडायला पुढे शंभरहून जास्त वर्षं गेली. १९९३ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावर टीएससी-२ हे जनुक मिळालं, १९९७ मध्ये नवव्या गुणसूत्रावर टीएससी-१.

या दोन जनुकांची प्रथिनं जोडीनं काम करतात. पेशीला वाढायला लावणारं एमटॉर नावाचं प्रथिन असतं, त्याला ती लगाम घालतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. या रुग्णांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, दुसरी कशीबशी काम निभावते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली की तिथे लगाम सुटतो आणि गाठ धरते. हे कुठल्या आणि किती पेशींत घडेल ते ठरलेलं नसतं, म्हणूनच एकाच घरात एकाला भारी आजार असतो, तर दुसऱ्याला नखाच्या कडेला मांसल कोंब आणि गालावर चार पुळ्या, एवढंच.

गालावरच्या या पुळ्या वयात येताना वाढतात आणि मुरूम समजून त्यांच्यावर वर्षानुवर्षं क्रीम चोपडलं जातं. मुरमात काळी टोकं असतात, पू होतो. यांत दोन्ही नसतं. मला हा गोंधळ फार गंभीर वाटतो, कारण नेमक्या त्याच वयात किडनीत गाठी वाढत असतात.

रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांच्या मिश्रणाच्या या गाठी सुमारे ८० टक्के रुग्णांत आढळतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण त्यांतल्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात. गाठ ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ती फुटून आत जोरदार रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो: अचानक कुशीत कळ, लघवीतून रक्त, रक्तदाब कोसळणं. तोवर रुग्णाला काहीही जाणवलेलं नसू शकतं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनीनही नॉर्मल असू शकतं. त्यामुळे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही. दर एक ते तीन वर्षांनी पोटाचा एमआरआय आणि वर्षातून एकदा तरी रक्तदाब व किडनीच्या कामाची तपासणी, असा जाणकारांचा सल्ला आहे.

उपचाराची गोष्ट ईस्टर बेटावरच्या मातीत सुरू होते. १९६४ च्या मोहिमेत तिथून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅपामायसिन, म्हणजेच सिरोलिमस, वेगळं केलं. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले हे शास्त्रज्ञ तेव्हा माँट्रियलमध्ये काम करत होते. हे औषध एमटॉरलाच आवरतं. त्याचाच भाऊबंद असलेल्या एव्हरोलिमसला २०१२ मध्ये अमेरिकेत या किडनीच्या गाठींसाठी मंजुरी मिळाली. गाठी आक्रसतात, मात्र औषध थांबवलं की बहुधा पुन्हा वाढू लागतात. चेहऱ्यावरच्या पुळ्यांसाठी सिरोलिमसचं मलमही निघालं आहे.

सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत जनुकातला बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. तरी निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांनी आपली त्वचा आणि नखं दाखवावीत, पोटाची तपासणीही करून घ्यावी. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला हा आजार येण्याची शक्यता ५० टक्के असते. लहानपणी फिटसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे नियमित जाणारी मुलं फिट आटोक्यात आल्यावर दवाखाना सोडतात. किडनीसाठी त्यांना कुणीतरी पुढे नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीतज्ज्ञाच्या, हाती सोपवायला हवं. हे काम बालरोगतज्ज्ञांनी मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आधीच उरकावं.