रूळ वाकडा की मांडणी वाकडी?

खेळण्यातल्या आगगाडीचा प्लास्टिकचा रूळ वाकला, काय करू, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: उकळत्या पाण्यात टाका. रूळ खरोखर वाकलाय का, हे कुणी विचारत नाही. माझ्याकडे 'सरळ करून द्या' म्हणून आलेल्या तुकड्यांपैकी निम्म्याहून जास्त मुळात सरळच होते. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलाच प्रकार.

वाकलेला रूळ तुम्ही पाहिलाच असेल. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेला किंवा माळ्यावर जड खोक्याखाली वर्षभर दबलेला. त्याचा आकारच बदललेला असतो, कुठेही ठेवा, वाकडाच. चकवतो तो दुसरा: ताणात असलेला रूळ. जोडलेला असताना मधोमध उचललेला, गाडी नेमकी तिथेच घसरते, आणि सुटा केला की शहाण्यासारखा सपाट.

हा ताण कुठून येतो ते बघा. जपानच्या टोमी कंपनीचे निळे प्लारेल रूळ घ्या. 1959 साली सुरू झालेली ही मालिका, आणि आज बाजारात दिसणारे कितीतरी संच त्याच धाटणीचे. त्यात 8 वळणांचं एक वर्तुळ होतं, म्हणजे एक वळण 45 अंशांचं. या वर्तुळात एका बाजूला सरळ तुकडा घातला, तर समोरच्या बाजूलाही तेवढाच घालावा लागतो, तेव्हाच लंबवर्तुळ बंद होतं. मुलं हे हिशेब करत नाहीत आणि करूही नयेत. मांडणी मोठी झाली, मध्ये पूल आला, गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे आले, की शेवटचे दोन तुकडे दोन-तीन सेंटीमीटरने चुकतात. मग मूल ओढून ताणून ते अडकवतं. खुंटी खाचेत बसते, कारण प्रत्येक जोडात थोडी सैल जागा असते आणि प्लास्टिक लवचीक असतं. पण तो चुकलेला अंतराचा हिशेब कुठेतरी फिटावाच लागतो. आडवं सरकायला जागा उरली नाही की रूळ वर उचलला जातो. तोही बहुतेक वेळा चुकलेल्या जोडाशी नाही, तर दोन-तीन तुकडे पलीकडे, जिथे सतरंजीची कड आली असेल तिथे. म्हणून दोष त्या बिचाऱ्या तुकड्यावर जातो.

खऱ्या रेल्वेतही उन्हाळ्यात रूळ वाकतात ते काही पोलाद मऊ पडतं म्हणून नव्हे. तापून लांबलेल्या रुळाला पुढे सरकायला वाव नसतो, म्हणून तो बाजूला फुगतो. प्लास्टिक तर पोलादापेक्षा कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं. सकाळी गच्चीवर घट्ट जमवलेलं वर्तुळ दुपारी उचललं गेलं, तर आधी सावलीत आणा.

तेव्हा पाणी तापवण्याआधी एवढंच करा: संशयित तुकडा सुटा करा, रात्रभर मोकळा ठेवा, आणि सकाळी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवा. फरशी नको, फरशा स्वतःच सपाट नसतात. सपाट बसला तर तुकडा निर्दोष, मांडणी बदला. मध्ये कमान दिसली तर बाक आहे. तिरपे समोरासमोरचे कोपरे दाबल्यावर डुगडुगला तर पीळ. रात्रभर थांबायचं कारण असं की ताण निघाला तरी प्लास्टिक लगेच मूळ आकारात येत नाही, सावकाश येतं. आणि तोच ताण महिनोन्महिने राहिला तर कायमचा मुरतो. सुट्टी संपली तरी पलंगाखाली तशीच जोडून ठेवलेली मांडणी म्हणजे सरळ रुळांना वाकडं करायचा कारखाना.

निर्दोष तुकडा गरम पाण्यात घातला तर? अनेकदा काहीच होत नाही. पण पातेल्याच्या तळाला तिरका टेकला, किंवा चिमट्याने एका टोकाला धरून उचलला, तर नवा बाक घेऊनच बाहेर येतो. हेअर ड्रायरवर माझा विशेष राग आहे: तो एकच बाजू तापवतो आणि बाकाच्या जोडीला पीळ देतो. गॅसच्या ज्योतीबद्दल तर बोलायलाच नको.

खरोखर बाक असेल तर प्लास्टिक ओळखा. तुकडा पाण्यात बुडवून, खालची हवा निघेल असा उलटा करून सोडा. तरंगला तर बहुतेक पॉलिप्रोपिलीन, बुडाला तर एबीएस किंवा तसलं काही. एबीएस पुष्कळ ऐकतं. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद करा, तुकडा दोन-तीन मिनिटं आडवा बुडवा, झाऱ्याने काढा, ओट्यावर ठेवून वर तांदळाचा भरलेला डबा ठेवा. पूर्ण गार होईपर्यंत डबा हलवायचा नाही. काम गार होताना होतं, तापताना नाही. पॉलिप्रोपिलीन हट्टी असतं, थोडं मागे फिरतंच. म्हणून कमान वरच्या बाजूला ठेवून दोन्ही टोकांखाली आइस्क्रीमच्या काड्या सारा आणि मधोमध वजन द्या, म्हणजे किंचित उलटा बाक येईल आणि सुटल्यावर साधारण सपाट होईल. हे सगळं मोठ्यांनीच करायचं, हे वेगळं सांगायला नको.

धातूच्या पट्ट्या असलेले मॉडेल रेल्वेचे रूळ हा वेगळा विषय, त्यांना पाण्याजवळ नेऊ नका.

पीळ मात्र मी दुरुस्त करत नाही. तासभर घालवून तुकडा तीन-चतुर्थांश सरळ होतो आणि गाडी तरीही घसरते. असे तुकडे मी यार्डात, जिथे गाडी फक्त उभी राहते अशा बंद टोकाला लावतो. माझ्या भाच्याने तिथे एक मोडका डबा कायमचा उभा केलाय, त्याला तो 'अपघातग्रस्त' म्हणतो.