खरी करामत दोन पदार्थांच्या सीमेवर

काही पदार्थांचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं, की त्यातले विद्युतभार गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकतात आणि दोन टोकांत विद्युतदाब निर्माण होतो. थॉमस सीबेक यांनी १८२१ साली नोंदवलेल्या या परिणामावरच १९७७ मध्ये सुटलेली व्हॉयेजर यानं चालतात. त्यांत प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज मिळते, आणि त्या जनित्रात फिरणारा एकही भाग नाही.

मग इंजिनांतून, भट्ट्यांतून वाया जाणारी उष्णता आपण अशीच का वापरत नाही? अडचण पदार्थातच आहे. त्यातून वीज सहज वाहायला हवी, पण उष्णता नको. नाहीतर दोन्ही टोकं लवकरच सारखी तापतात. विजेला वाट देणारे पदार्थ बहुधा उष्णतेलाही वाट देतात. शिवाय विद्युतभारांची संख्या वाढवली, तर वाहकता वाढते, पण प्रत्येक अंशामागे मिळणारा विद्युतदाब घटतो. या ओढाताणीचा हिशेब 'झेडटी' या आकड्यात मांडतात; तो जितका मोठा, तितका पदार्थ या कामाला चांगला. नेहमीच्या तापमानाला उत्तम ठरलेल्या बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी साधारण १ आहे. पण तो ठिसूळ असतो आणि त्यातलं टेल्युरियम दुर्मीळ आहे.

वीजवाहक पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे प्लास्टिकसारखे पदार्थ, लवचीक आणि हलके असतात. उष्णता तर ते फारच कमी वाहून नेतात. कमी पडतो तो विद्युतदाब. म्हणून पॉलिमरची टेल्युरियमसारख्या जास्त विद्युतदाब देणाऱ्या पदार्थाशी सांगड घालायची.

यातला २०१० चा अमेरिकेतल्या बर्कलीतला प्रयोग मला फार सुंदर वाटतो. पेडॉट-पीएसएस हे पॉलिमर मिसळलेल्या पाण्यात टेल्युरियमचा क्षार घातला आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने, म्हणजे जीवनसत्त्व 'क'ने, त्याचं क्षपण केलं, म्हणजे क्षारातून टेल्युरियम मोकळं केलं. टेल्युरियमच्या अतिसूक्ष्म नॅनोकांड्या वाढत गेल्या आणि वाढतानाच त्यांच्यावर पॉलिमरचं आवरण चढलं. या द्रावणापासून केलेला पातळ थर विजेच्या बाबतीत दोन्ही मूळ पदार्थांपेक्षा सरस ठरला, उष्णतेच्या बाबतीत मात्र पॉलिमरसारखाच राहिला. झेडटी सुमारे ०.१ आला. आकडा लहान आहे, पण मिश्रण दोन्ही घटकांच्या पुढे जाणं ही साधी गोष्ट नव्हे!

हे घडतं दोन पदार्थांच्या सीमेवर. तिथे उष्णता वाहून नेणारी अणूंची कंपनं विखुरतात. विद्युतभारांसाठी सीमा उंबरठ्यासारखी असते, असं एक स्पष्टीकरण आहे: कमी ऊर्जेचे भार अडतात, जास्त ऊर्जेचे पार होतात, त्यामुळे विद्युतदाब वाढतो. दुसरं स्पष्टीकरण असं, की कांडीच्या पृष्ठभागालगत पॉलिमरच्या साखळ्या नीट रचल्या जातात आणि त्यांतून वीज सुरळीत वाहते. मला दुसऱ्यात अधिक तथ्य वाटतं. पण संशोधकांचा वाद चालू आहे.

भट्टीच्या तापमानाला पॉलिमर टिकणार नाही. पण कोमट पाइपांना गुंडाळायला किंवा मनगटावरच्या संवेदकाला थोडी वीज पुरवायला असा थर सोयीचा आहे, कारण तो शाईसारखा छापता येतो. तूर्त घोडं अडलंय ते एका जोडीदारावर. जनित्राला धनभार वाहणारा आणि ऋणभार वाहणारा असे दोन्ही प्रकारचे पदार्थ लागतात, आणि ऋणभार वाहणारी बरीचशी पॉलिमरं हवेतल्या ऑक्सिजनने व ओलाव्याने लवकर निकामी होतात.