शी सोडायला शिकताना

जेवण होऊन अर्धा तास झालेला असतो. अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता उठतं, पडद्यामागे जातं, टाचा उचलतं, पायाला पाय घट्ट आवळतं. चेहरा लाल होतो. घरातली मंडळी म्हणतात, "शी करतंय, चला पॉटीवर." पुष्कळदा ते शी करत नसतंच. आलेली शी जोर लावून आत दाबत असतं. पॉटीच्या सवयीत बिनसतं ते बहुतेक इथेच, म्हणून आधी आतली रचना समजून घेऊ.

गुदद्वाराशी वलयासारखे दोन स्नायू असतात. आतला आपल्या मर्जीतला नाही. मलाशय भरून त्याची भिंत ताणली गेली की तो आपोआप सैल पडतो. बाहेरचा मात्र आपल्या इच्छेने आवळता येतो. शिवाय मलाशयाला मागून विळखा घालणारा एक स्नायू तो मार्ग पुढे ओढून धरतो, बागेतल्या पाण्याच्या नळीला मोड घालावा तसा. शी बाहेर यायला हा मोड सरळ व्हावा लागतो आणि बाहेरचं वलय सैल सुटावं लागतं. मूत्राशयाच्या तोंडाशीही अशीच आतली-बाहेरची जोडी असते. आवळणं मुलाला चटकन साधतं. ठरलेल्या जागी, ठरवून सैल सोडणं हे यातलं खरं कौशल्य आहे, आणि भीती, दुखणं किंवा घाई यांपैकी काहीही मध्ये आलं की ते पहिल्यांदा बिघडतं.

आपल्याकडे आजी पाय पसरून बसते, तान्ह्याला पावलांवर बसवते आणि 'शूऽऽ' असा आवाज काढते. ही पद्धत चांगली आहे. बाळाची वेळ आजीला नेमकी कळते आणि बाळालाही आवाजाची नि क्रियेची सांगड बसते. पण त्यात वेळ सांभाळते ती आजी. स्वतःचा ताबा यायला मेंदूपासून तिथपर्यंतचे मज्जामार्ग पक्के व्हावे लागतात, आणि ते साधारण दीड वर्षानंतर हळूहळू घडतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 1170 मुलांच्या नोंदी मांडल्या. मुलाच्या कलाने घेतलेल्या त्या मुलांचा दिवसाचा ताबा सरासरी 28.5 महिन्यांना पूर्ण झाला होता. दीड वर्षाच्या मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना करून कोणाचंच भलं होत नाही.

तयारी कशी ओळखायची? चड्डी सलग दीड-दोन तास कोरडी राहते. मूल स्वतः खाली बसून उठतं, चड्डी खाली ओढतं, 'शी', 'शू' म्हणतं किंवा खुणेने दाखवतं. मूत्राशयाचा ढोबळ अंदाज असा: वयात 1 मिळवून 30 ने गुणायचं, म्हणजे 2 वर्षांच्या मुलाचं सुमारे 90 मिली. एवढ्याशा पिशवीला दर वीस मिनिटांनी पॉटीवर नेलं तर ती भरतच नाही, आणि भरल्यावर काय वाटतं हे मुलाला कळतच नाही. दीड-दोन तासांनी विचारणं पुरतं, शिवाय झोपेतून उठल्यावर आणि बाहेर निघताना. डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट असतं. ते शू शोषून घट्ट करतं, त्यामुळे ओलेपणा जाणवत नाही. म्हणून दिवसा घरी साधी सुती, सैल इलॅस्टिकची चड्डी घालावी. बटणं आणि नाड्या या दिवसांत नकोत.

पॉटी अशा उंचीची हवी की तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेच्या जरा वर राहतील. उकिडवं बसल्यावर वर सांगितलेला नळीचा मोड पुष्कळसा सरळ होतो. कमोड वापरायचा तर त्यावर मुलांची छोटी सीट आणि पायाखाली स्टूल, दोन्ही लागतात. पाय लोंबकळत असले की मूल तोल सांभाळायला अंग आवळून बसतं, मग सैल सुटणार कुठून? भारतीय बैठकीच्या संडासात बसण्याची ढब उत्तम, पण पायऱ्यांमधलं अंतर दोन वर्षांच्या मुलाला फार होतं आणि मधल्या भोकाची भीती वाटते. तिथे सुरुवातीला शेजारी जमिनीवर पॉटीच ठेवावी. मुलग्यांनाही आधी बसूनच शू करायला शिकवावं. मुलींना पुसताना हात पुढून मागे न्यावा, नाहीतर शीचे जंतू मूत्रमार्गाकडे जातात.

पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं. म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांनी पॉटीवर बसवावं, 3 ते 5 मिनिटं, त्याहून जास्त नाही. हातात मोबाइल नको. त्यापेक्षा साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत. हळू फुंकर मारताना पोटाचा हलका दाब पडतो आणि ओटीपोटाचा तळ सैल होतो. 'कुंथ, कुंथ' म्हटलं की मूल खालचं वलयही आवळून घेतं. काही झालं नाही तर उठू द्यावं. चड्डीत झालं तर न रागावता बदलावी. 'छी, घाण!' ऐकणारं मूल शी लपवायला शिकतं.

आता पुन्हा त्या पडद्यामागच्या मुलाकडे येऊ. एखाद्या दिवशी शी खड्यासारखी होते, गुदद्वाराला चीर पडते, दुखतं. पुढच्या वेळी मूल ती अडवून धरतं. मलाशय तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, अजून दुखतं. आठवड्यांमागून आठवडे असं चाललं की मलाशय ताणून ढिलं पडतं आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग मागची पातळ शी खड्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीला डाग पडतात. घरच्यांना जुलाब वाटतात, किंवा मुद्दाम केल्यासारखं वाटतं. असतो तो बद्धकोष्ठ. भरलेलं मलाशय पुढच्या मूत्राशयावर दाबतं, त्यामुळे शूही चड्डीत होऊ लागते.

अशा वेळी पॉटीचं शिकवणं थांबवावं आणि आधी शी मऊ करावी. पाणी कमी देणं ही मोठी चूक. शू आवरावी म्हणून पाणी तोडलं की शी अधिक कडक होते. दूध दिवसाला 400 ते 500 मिलीच्या आत आणावं, पपई, पेरू, भिजवलेले मनुके, सालीची मूगडाळ वाढवावी. डॉक्टरांनी मळ मऊ करणारं औषध दिलं तर एक दिवस चांगली शी झाली म्हणून ते बंद करू नये, ताणलेलं मलाशय मूळ आकाराला यायला महिने लागतात. साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालू नये. शी त्या क्षणी होते, पण आधीच धास्तावलेलं मूल पुढच्या वेळी जास्त घट्ट आवळतं. डायपर मागून त्यातच शी करणाऱ्या मुलाला डायपर द्यावा, पण मोरीत नेऊन. मग डायपर बांधूनच पॉटीवर बसवावं, मग डायपर सैल करावा, शेवटी तो नुसता पॉटीत अंथरावा. एकेका पायरीला आठवडा गेला तरी चालेल.

रात्रीचं गणित निराळं. झोपेत शू कमी तयार व्हायला व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रात्री वाढावं लागतं, आणि ते शिकवून वाढत नाही. पाचव्या वर्षीही शंभरात सुमारे 15 मुलं अंथरूण ओलं करतात. गादीवर रबरी कापड घालावं आणि वाट पाहावी.

डॉक्टरांकडे मात्र पुढच्या गोष्टींत उशीर नको: शीत रक्त, आठवड्याला तीनपेक्षा कमी वेळा शी, मुलग्याची शूची धार बारीक किंवा तुटक, मुलीची चड्डी शू करून आल्यावरही सतत थेंब थेंब ओली. आणि नीट कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी.