डोळ्याच्या टाक्याची सुई कशी बदलत गेली

मोतीबिंदूला आता सहसा टाका लागत नाही; जेमतेम अडीच मिलिमीटरची चीर आपोआप मिटते. पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडरवरून उडालेली लोखंडाची कपची बुबुळ (म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आरपार चिरून गेली, तर बहुधा टाके घालावे लागतात. चिकोडी-अथणीकडे उसाची पात लागून बुरशीचा व्रण झाला आणि तो औषधाला दाद देईना, तर बुबुळच बदलावं लागतं. त्याला साधारण १६ टाके पडतात. म्हणून सीमाभागात ही सुई समजून घ्यायलाच हवी.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल मोतीबिंदू काढत, तेव्हा जखम तशीच उघडी राही आणि रुग्णाने न हलता पडून राहायचं. १८६० च्या दशकात बोस्टनचे हेन्री विल्यम्स यांनी रेशमाचा टाका घातला. पण नेढ्याच्या सुईत दोरा दुहेरी होतो आणि भोक रुंदावतं. पुढे दोरा सुईच्या बुडातच बसवलेला येऊ लागला.

खरा फरक पडला तो सुईच्या आडव्या छेदाच्या आकारामुळे. बाकदार तिकोनी सुईची धार बाकाच्या आतल्या बाजूला असेल तर टाका वरून फाटतो; बाहेरच्या बाजूला असेल तर ती खाली कापत जाते. डोळ्याचं पांढरं आवरण डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या जोडामागे जेमतेम ०.३ मिलिमीटर असतं, तिथे असं कापणं म्हणजे डोळ्याला भोक. बुबुळ आणि हे आवरण दोन्ही थरांचे बनलेले. म्हणून वर-खाली चपटी आणि फक्त कडेला धार असलेली स्पॅच्युला सुई आली. ती दोन थरांमधून सरकते.

सूक्ष्मदर्शकाखाली १०-० या मापाचा नायलॉनचा दोरा वापरायला लागल्यावर नवीच अडचण उभी राहिली. दोरा ०.०२ ते ०.०२९ मिलिमीटर, सुई मात्र सुमारे ०.१५. दोऱ्याच्या पाच ते साडेसातपट भोक! टाका बुबुळाच्या आरपार गेला, तर त्यातून डोळ्याच्या आतलं पाणी झिरपतं. फ्लुरोसीन या रंगद्रव्याचा थेंब टाकून निळ्या उजेडात ते दिसतं. म्हणून जाडीच्या ९० टक्क्यांपर्यंतच जायचं. दोरा बसवायला बुडाशी पन्हळ काढली की ते जाड होई; लेझरने भोक पाडायला लागल्यावर ते बारीक झालं.

बूड पोकळ, म्हणून होल्डरने तिथे धरलं की सुई चेपते किंवा मोडते. मध्याच्या किंचित मागे धरावी, टोकाला चिमटा लावू नये. पोलाद फार कडक असेल तर तुटतं, मऊ असेल तर वाकतं. वाकलेली सुई सरळ करून वापरण्यापेक्षा नवी घेतलेली बरी; त्याच जागी ती पुन्हा वाकते, आणि त्यानंतर मोडते.