मानसिक आजाराचा दिव्यांग दाखला: अर्ज नेमका कुठे अडतो

सातारा-सांगली भागातून मानसिक आजाराच्या दाखल्यासाठी गेलेले बरेच अर्ज आजार सौम्य आहे म्हणून परत येत नाहीत. कागद तोकडे पडतात, नाहीतर अर्जच भलत्या गोष्टीसाठी केलेला असतो. संस्थेचे कार्यकर्ते, आशाताई आणि घरची मंडळी यांनी बोर्डाची (तपासून दाखला देणाऱ्या सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाची) तारीख घेण्याआधी पुढचे मुद्दे तपासून घ्यावेत.

सगळ्यात मोठा घोळ व्यसनाबाबत होतो. "दारूनं डोकं फिरलंय, अपंगाचं सर्टिफिकेट काढून द्या," असे घरचे म्हणतात आणि नवखा कार्यकर्ता अर्ज भरूनही टाकतो. इथे दोन वेगळे कायदे आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या परिशिष्टात मात्र ते शब्द नाहीत. त्यामुळे व्यसनी माणसाचा उपचाराचा हक्क पूर्ण आहे, पण केसपेपरवर फक्त दारूचे व्यसन एवढेच निदान असेल तर दाखल्याला आधार मिळत नाही. व्यसनाच्या जोडीला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार असेल, तर मनोविकारतज्ज्ञाने तो केसपेपरवर स्वतंत्र लिहायला हवा. दारू सुटून काही आठवडे गेल्याशिवाय बऱ्याचदा ते निदान पक्के करता येत नाही. म्हणून आधी उपचार, मग बोर्ड. उलट क्रमाने गेलात तर रुग्णाची फरफट होते आणि हाती काही लागत नाही.

अर्ज भरणे सोपे आहे. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लागतो. फी नाही, मध्यस्थही लागत नाही. मोबाइल क्रमांक मात्र घरातल्या अशा माणसाचा द्या, ज्याचा फोन सहा महिन्यांनीही तोच असेल. बोर्डाचा निरोप त्याच क्रमांकावर येतो.

पत्त्याचा फास पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांत हमखास दिसतो. माणूस वीस वर्षे नवी मुंबईत माथाडी कामगार असतो, आजारी पडल्यावर गावी आणला जातो, आणि आधारवर पत्ता तिकडचाच राहतो. पोर्टलवर जिल्हा पत्त्याप्रमाणे निवडला की अर्ज तिकडच्या रुग्णालयात जाऊन पडतो. घरचे इथल्या सिव्हिलला चकरा मारतात आणि खिडकीवर एकच उत्तर मिळते, "तुमचा अर्ज दिसत नाही." आधारचा पत्ता आधी बदलून घ्या. ते लगेच होणार नसेल, तर ज्या सरकारी रुग्णालयात या आजारावर उपचार चालू आहेत तिथेही अर्ज करायची मुभा नियमांत आहे. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्या ओपीडीचा चालू केसपेपर म्हणूनच सांभाळून ठेवायचा.

आता तो कागद, जो जवळजवळ कुणाकडेच नसतो: आजार किती वर्षांचा आहे याचा लेखी पुरावा. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व 'आयडियाज' (IDEAS) या मोजपट्टीवर काढतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व समज, आणि काम अशी चार अंगे असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत असेल तर १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहा वर्षांना ३ आणि दहा वर्षांवर ४. बेरीज ८ ते १३ आली तर दिव्यांगत्व ४० ते ७० टक्क्यांत बसते. ७ किंवा कमी आली तर ४० च्या खाली, म्हणजे योजनांच्या दृष्टीने दाखल्याचा उपयोग नाही.

समजा एका बाईंना चार अंगांचे मिळून ६ गुण पडले. आजार बारा वर्षांचा आहे आणि जुने कागद फाइलला आहेत, तर ६ अधिक ४, एकूण १०. पात्र. त्याच बाईंचे कागद पुराच्या पाण्यात गेले, फाइलला फक्त गेल्या सहा महिन्यांचा केसपेपर आहे, आणि बोर्डाने तेवढाच कालावधी धरला, तर ६ अधिक १, एकूण ७. अपात्र. बाई त्याच, आजार तोच. यात त्यांची काय चूक?

म्हणून अर्जाआधी दोन-तीन आठवडे कागद गोळा करण्यातच घालवा. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांच्याकडे जा. खासगी असतील तर लेटरहेडवर उपचार कधी सुरू झाले, निदान काय, औषधे कोणती हे लिहून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह मागा. जुने डिस्चार्ज कार्ड असेल तर उत्तमच. येरवडा किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पूर्वी दाखल केले असेल, तर तिथे लेखी अर्ज करा. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळणे हा २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ नुसार रुग्णाचा हक्क आहे. "रेकॉर्ड जुने आहे" एवढ्या तोंडी उत्तरावर माघारी येऊ नका, नकारही लेखी मागा.

नावाकडेही बघा. सासरी असताना काढलेल्या केसपेपरवर सासरचे नाव आणि माहेरी परत आल्यावर आधारवर माहेरचे, असे झाले तर त्या जुन्या कागदाने पुरावा होत नाही. विवाह नोंदणी दाखला किंवा नावातील बदलाचा दुसरा पुरावा सोबत लावा.

बोर्डासमोर रुग्णासोबत कोण जाते यावरही बरेच अवलंबून असते. गाडी चालवता येते म्हणून पुतण्या येतो आणि "गोळ्या चालू आहेत, आता बरा आहे," असे सांगून मोकळा होतो. रोज सोबत राहणारी आई किंवा बायको असायला हवी. अंघोळीला सांगावे लागते का, शेजाऱ्यांशी बोलतो का, महिन्यातले किती दिवस कामावर जातो, हे तिलाच माहीत असते. वाढवून सांगायला लावू नका, आहे तेच नीट सांगू द्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. ते घ्या आणि २०१६ च्या दिव्यांग अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करा.

उपचारासाठी दाखल करणे हा वेगळा विषय. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच अर्ज करून दाखल होतो. तो तयार नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, अथवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासावे लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. हा प्रतिनिधी नेमायला साधा कोरा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. माणूस शुद्धीत, शांत असताना तो कागद करून ठेवा. रात्री दोन वाजता आरडाओरडा चालू असताना तो होत नाही. खासगी केंद्रवाले गाडी पाठवून माणूस उचलून नेतात, त्या वाटेला जाऊ नका. आधी केंद्राचे मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी प्रमाणपत्र बघा. साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे.

आणि घरच्यांना बजावून सांगा: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. हात थरथरायला लागले, तो असंबद्ध बोलू लागला की १०८. दिवस-रात्र सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, व्यसनासाठी १४४४६.

दाखला हातात आला की तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार अनुदान योजनेची शाखा गाठा. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य. दिव्यांग लाभार्थ्याला आता महिना २,५०० रुपये मिळतात. इथे अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. इतरांसाठी कौटुंबिक मर्यादा वर्षाला २१,००० आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. खिडकीवर सरसकट २१,००० सांगून परत पाठवले तर शासन निर्णयाची प्रत दाखवा. बँक खाते आधारशी जोडलेले हवे. निरामय या सरकारी आरोग्य विम्याच्या मागे धावू नका. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्वासाठी आहे, मानसिक आजार त्यात येत नाही.

मानसिक आजाराचा दाखला बऱ्याचदा तात्पुरता असतो आणि मुदतीची तारीख कार्डावर छापलेली असते. ती वाचायची राहते, मुदत संपते, अनुदान थांबते आणि घरच्यांना ते दोन हप्ते बुडाल्यावर कळते. मुदतीच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका आणि मधल्या काळात ओपीडीची एकही नोंद चुकू देऊ नका. पुढच्या बोर्डालाही तेच कागद लागणार आहेत.