पहाटेच्या गारठ्यात उन्हाळी टायर

नागपूरची ख्याती उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या या शहरात थंडीमुळे टायरची पकड कमी होते असे कोणी सांगू लागले, तर ऐकणारा ती युरोपातली गोष्ट समजून सोडून देईल. पण याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. तो दिवस अपवादात्मक होता हे खरे. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागले आणि रात्री आकाश निरभ्र राहिले, की पहाटे ८ ते १० अंश तापमान असणे येथे नवलाचे नाही. त्याच दिवशी दुपारी पारा २७-२८ अंशांवर असतो. रस्ता तोच, गाडी तीच आणि टायरही तेच असतात. परंतु त्या टायरांचे रबर पहाटे आणि दुपारी सारखे वागत नाही. साध्या मोटारीत हा फरक सहसा जाणवत नाही, स्पोर्ट्स कारमध्ये मात्र तो जाणवतो. त्यात शहरातील अशा गाड्या बाहेर निघतात त्या बहुधा रविवारी पहाटे, कारण वर्धा रोड आणि समृद्धी महामार्ग तेव्हा मोकळे असतात. दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारासच असते, हा योगायोग गैरसोयीचा म्हणावा लागेल.

या गाड्यांचे टायर मुळातच वेगळे असतात. पोर्शे ९११ च्या ९९२ या पिढीतील कॅरेरा एस या गाडीला पुढे २४५ आणि मागे ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. रुंदी डोळ्यांना दिसते, पण खरा फरक रबराच्या मिश्रणात असतो. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरात कृत्रिम रबर, काजळी, सिलिका, गंधक, तेले आणि रेझिने यांचे मिश्रण असते, आणि त्यातील प्रमाण कोणत्या तापमानाला उत्तम पकड हवी आहे ते ठरवून बेतलेले असते. उच्च कामगिरीच्या उन्हाळी टायरमध्ये हे मिश्रण तापलेल्या अवस्थेसाठी बनवलेले असते. हिवाळी टायरचे मिश्रण शून्याखालीही मऊ राहील असे केलेले असते आणि त्याच्या नक्षीच्या गुटक्यांवर बारीक चिरा पाडलेल्या असतात. बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेल्या टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असते. नागपुरात दिसणाऱ्या टायरांवर हे चिन्ह सहसा आढळत नाही, आणि त्याची गरजही नाही.

आता पकड म्हणजे नेमके काय, हे पाहू. शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम रबराला जसाच्या तसा लागू होत नाही. डांबरी रस्ता गुळगुळीत दिसला तरी त्याच्या पृष्ठभागावर खडीचे उंचवटे असतात, आणि प्रत्येक खड्यावर त्याहून सूक्ष्म खडबडीतपणा असतो. मऊ रबर या उंचवट्यांवर पसरते आणि त्यांच्या फटींत शिरते. तेथे त्याचे रेणू दगडाच्या इतक्या जवळ येतात की रेणूंमधील क्षीण आकर्षण कामी येते; हा पकडीचा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की घसरू पाहणारे रबर प्रत्येक उंचवट्यावर दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते, पण दबताना घेतलेली सर्व ऊर्जा ते परत करत नाही. काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात रबरातच उरते. ही गळती म्हणजेच गाडीला रोखणारे बल होय. ओल्या रस्त्यावर पाण्याच्या पापुद्र्यामुळे पहिला भाग दुबळा होतो आणि सारी भिस्त दुसऱ्यावर येते. ऊर्जा वाया न घालवणारे रबर चेंडूला उत्तम, टायरला निकामी, असे म्हटले तरी चालेल.

रबर दबते आणि सावरते त्याला वेळ लागतो, आणि या विषयाची किल्ली त्या वेळेतच आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर वेग. जोरात ब्रेक लावल्यावर एबीएस, म्हणजे चाक जखडू न देणारी यंत्रणा, चाकाला साधारण दहा टक्के घसरू देते असे धरले, तर रबर रस्त्यावरून सेकंदाला २.८ मीटर वेगाने सरकते. एक मिलिमीटर अंतरावरचे उंचवटे त्याला सेकंदाला २,८०० वेळा दाबतात, आणि दशांश मिलिमीटर अंतरावरचे २८,००० वेळा. रबराच्या लांबच लांब रेणूसाखळ्यांना तेवढ्या अवधीत हलून, उंचवट्याचा आकार घेऊन मोकळे व्हायचे असते. उष्णता असेल तर साखळ्या चपळपणे हलतात. थंडीत त्या मंदावतात आणि एका मर्यादेपलीकडे जागच्या जागी जखडून जातात, म्हणजे रबर काचेसारखे ताठ होते. या स्थित्यंतराच्या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराचे ते उणे ७० अंशांच्या आसपास असते, तर टायरमधील कृत्रिम रबरांचे त्यांच्या घडणीप्रमाणे बरेच वर किंवा खाली असू शकते.

येथे एक रास्त शंका निघते. उन्हाळी टायरच्या मिश्रणाचे काच-संक्रमण तापमान समजा उणे ३० अंश असले, तर नागपूरच्या ८ अंशांत त्याला काय होणार? हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, तेव्हा ते तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यातच द्रवाचे घन होते. रबराचे तसे नसते. त्याचे ताठ होणे आपण त्याला किती घाईने दाबतो यावरही अवलंबून असते. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तीन अमेरिकी संशोधकांनी १९५५ मध्ये मांडलेले समीकरण वेग आणि तापमान यांचा हा संबंध सांगते. त्यानुसार हिशेब केला, तर प्रयोगशाळेत अगदी संथपणे मोजताना उणे ३० अंशांना ताठ होणारे रबर सेकंदाला लाखभर वेळा दाबले असता ५ अंशांच्या आसपासच ताठरपणा दाखवू लागते. बोटाने दाबून मऊ वाटणारा टायर ब्रेक लागण्याच्या त्या क्षणी खडीला मऊ वाटत नाही, तो यामुळे. पकडीचा सर्वांत चांगला पट्टा या ताठरपणाच्या जरासा वर, उष्ण बाजूला असतो. तेथे रबर पुरेसे मऊही असते आणि ऊर्जेची गळतीही भरपूर होते. तापमान त्या पट्ट्याखाली गेले की रबर फटींत शिरत नाही आणि गळतीही घटते, म्हणजे पकडीच्या दोन्ही भागांना एकदमच तोटा होतो.

रबराच्या या मंदपणाचे सर्वांत दुःखद उदाहरण टायरचे नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उडाले तेव्हा हवेचे तापमान सुमारे २ अंश होते, आणि त्याच्या रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे वेळेत फुगून फट बुजवू शकले नाही आणि यान नष्ट झाले. पुढे चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला आणि चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही, हे सर्वांना दाखवले. ते रबर टायरच्या रबराहून वेगळे होते, परंतु घडले ते याच कारणाने: रबर तुटले नव्हते, त्याला उशीर झाला होता.

हिवाळी टायर कधी बसवावेत यासाठी युरोपात ७ अंशांची खूण सांगितली जाते. ही खूण सोयीसाठी आहे, निसर्गनियम नव्हे, ७.१ अंशांना पकड आहे आणि ६.९ अंशांना नाही, असे काही होत नाही. शिवाय त्या सल्ल्यात पुढे येणाऱ्या बर्फाची तयारीही धरलेली असते. कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर त्या खुणेच्या थोडा खाली हिवाळी टायरहून सरसही ठरू शकतो. काही उत्पादक त्यांचे शर्यती धाटणीचे टायर उणे ७ अंशांच्या आसपास वापरूच नयेत असे बजावतात, कारण तेवढ्या थंडीत रबराला तडे जाण्याची शक्यता असते. ती वेळ नागपुरावर येणार नाही. येथील प्रश्न तड्यांचा नसून थोडी पकड कमी पडण्याचा आहे. पण तो थोडा फरक वेगात मोठा होतो. घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचे माप, १ धरला, तर ताशी १०० किलोमीटरवरून गाडी थांबायला सुमारे ३९ मीटर लागतात. तोच ०.८ झाला तर ४९ मीटर लागतात. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबते, तेथे दुसरी अजून ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेगात असते.

या गाड्यांची ताकद हा वेगळाच धोका असतो. बहुतेक वेळा ती मागच्या चाकांना मिळते, आणि गार टायरवर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की मागची बाजू बाहेर फेकली जाते. ट्रॅक्शन कंट्रोल चाकाला मिळणारी ताकद आवरू शकते, पण रबरात नसलेली पकड आणू शकत नाही. त्यातून पहाटे रस्त्यावर दव आणि धूळ यांचा चिकट थर असला तर हिशेब आणखी बिघडतो.

टायर चालताना तापतो, कारण प्रत्येक फेऱ्यात तो जमिनीशी चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. ही उष्णता रबराच्या आत निर्माण होते, आणि रबर उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे ती सर्वत्र पोहोचायला वेळ लागतो. साधारण पंधरा-वीस मिनिटे सौम्यपणे चालवणे, हाच त्यावरचा उपाय आहे. शर्यतीत सुरुवातीपूर्वी चालक गाडी डावी-उजवीकडे झुलवतात, ते पाहून रिंग रोडवर तसे करणारे उत्साही तरुण दिसतात. त्यांच्या टायरांवर तेथे येतो तो भार शर्यतीतल्या भाराच्या जवळपासही नसतो, त्यामुळे टायर फारसा तापत नाही. मागून येणारा दुचाकीस्वार मात्र घाबरतो.

हवेचा दाब ही याहून साधी गोष्ट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्षही अधिक होते. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांत ३२ पीएसआय भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे ९ अंशांत सुमारे २८ पीएसआय दाखवते, आणि यात झिरपून गेलेली हवा धरलेलीच नाही. नायट्रोजन भरला म्हणजे हे टळते असा समज पेट्रोल पंपांवर रूढ आहे. पण तापमान आणि दाब यांचे नाते कोरड्या हवेला आणि नायट्रोजनला जवळजवळ सारखेच लागू असते. थंडी सुरू झाल्यावर, गाडी निघण्यापूर्वी, टायर गार असताना दाब तपासणे एवढेच करायचे आहे.

माझ्या मते नागपुरात हिवाळ्यापेक्षा अधिक विचार उन्हाळ्याचा करायला हवा, कारण थंडीत पकड किती उरेल हे बऱ्याच अंशी मे महिन्यात ठरते. रबर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांच्याशी सतत अभिक्रिया करत असते. त्याचे रेणू एकमेकांना अधिकाधिक बांधले जातात, मऊपणा राखणारी तेले हळूहळू निघून जातात आणि ते कडक होते. अशा अभिक्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडखाली दुपारभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर म्हणूनच थंड प्रदेशातील गाडीच्या टायरांपेक्षा लवकर म्हातारे होतात. स्पोर्ट्स कार महिन्यातून एक-दोनदाच बाहेर पडते, त्यामुळे नक्षी झिजत नाही आणि टायर नव्यासारखा दिसतो. पंक्चरवाल्याने खोली मोजून ‘अजून पुष्कळ जाईल’ म्हटले तर तो खोटे बोलत नसतो, फक्त वयाचे मोजमाप झालेले नसते. असा कडक झालेला टायर उन्हाळ्यात निभावून जातो, कारण तापलेला रस्ता त्याला थोडे मऊ करतो. जानेवारीच्या पहाटे मात्र ती मदत नसते.

टायरचे वय त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते. डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या संकेताच्या शेवटी चार अंक असतात; पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१९ असे लिहिले असल्यास टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो. काही वेळा हे पूर्ण अंक टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला आलेली असते, तेव्हा विजेरी घेऊन खाली वाकावे लागते. जुनी गाडी विकत घेताना तर हे अंक धावलेल्या किलोमीटरच्या आधी पाहावेत.